६४० बिटांच्या स्थितीवर चालणाऱ्या हॅश फलनाची रचना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५ : दावा आधी, रचना नंतर

हॅश फलन कोणत्याही लांबीच्या संदेशाचे ठरावीक लांबीचे उत्तर, म्हणजे हॅश, काढते. असे नवे फलन रचायचे आहे. आराखड्याला हात घालण्यापूर्वी सुरक्षेचा दावा लिहून काढला, कारण दावा नंतर ठरवला की तो रचनेच्या सोयीने आकुंचन पावतो. फलनाचे उत्तर २५६ बिटांचे असेल. वाढदिवसाच्या युक्तिवादानुसार अशा कोणत्याही फलनात २ च्या १२८व्या घाताइतक्या प्रयत्नांत दोन वेगळ्या संदेशांचा एकच हॅश, म्हणजे टक्कर, सापडणे अपेक्षित असते. त्याहून स्वस्त मार्ग असू नये, एवढाच टक्करीबाबतचा दावा आहे. दिलेल्या हॅशचा संदेश उलट शोधण्याबाबतही २ च्या १२८व्या घातापलीकडे दावा करायचा नाही, असे ठरले.

हा दुसरा निर्णय वादग्रस्त ठरू शकतो. एसएचए-३ या हॅश फलनाचे मानक आकार घेत असताना २०१३ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने राखीव भाग, म्हणजे ज्यावर सुरक्षेची पातळी ठरते ते फलनाचे बाहेरून न स्पर्शिले जाणारे अंतर्गत बिट, कमी करण्याचा असाच प्रस्ताव मांडला होता आणि जाणकारांच्या विरोधानंतर तो मागे घेतला. त्यामुळे एसएचए३-२५६ मध्ये १६०० पैकी ५१२ बिट राखीव राहिले. माझ्या मते १२८ बिटांची एकसमान पातळी तांत्रिकदृष्ट्या पुरेशी आहे. मात्र ती दस्तऐवजाच्या पहिल्याच पानावर ठळकपणे सांगितली पाहिजे, तळटीपेत नव्हे.

सांगाडा स्पंज रचनेचा घेतला आहे. फलनाच्या अंतर्गत बिटांचा, म्हणजे स्थितीचा, एक भाग संदेश गटागटाने शोषून घेतो, दुसरा राखीव भाग बाहेरून कधीच थेट स्पर्शिला जात नाही, आणि दोन गटांच्या मध्ये संपूर्ण स्थितीवर एक उलटता येणारा क्रमपर्याय, म्हणजे दोन वेगळ्या स्थितींना कधीही एकच उत्तर न देणारे मिश्रण, चालतो. एमडी५, एसएचए-१ आणि एसएचए-२५६ ही जुनी हॅश फलने ज्या मर्कल-डॅमगार्ड पद्धतीवर उभी आहेत, तिच्यात अंतिम हॅश हीच संपूर्ण अंतर्गत स्थिती असते. म्हणून गुप्त किल्ली संदेशाच्या आधी जोडून हॅश काढला, तर किल्ली ठाऊक नसलेल्यालाही त्याच्यापुढे मजकूर वाढवून नवा वैध हॅश काढता येतो. स्पंजमध्ये राखीव भाग उघडच होत नसल्याने ही वाट मुळातच बंद होते.

९ जानेवारी २०२५ : आजवरच्या पडझडीतून काय घ्यायचे

एमडी५ मध्ये २००४ साली प्रत्यक्ष टक्कर सापडली. एसएचए-१ चा सैद्धांतिक भंग २००५ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष टक्कर २०१७ मध्ये, सुमारे २ च्या ६३व्या घाताइतक्या गणनेनंतर, दोन पीडीएफ फायलींच्या रूपाने समोर आली. एसएचए-२५६ च्या ६४ पायऱ्यांपैकी ३१ पायऱ्यांपर्यंत प्रत्यक्ष टक्कर २०२४ मध्ये दाखवली गेली. पूर्ण फलन अबाधित आहे. या सगळ्या हल्ल्यांचे हत्यार एकच होते : दोन संदेशांतील नेमका फरक फेरीमागून फेरी (फेरी म्हणजे मिश्रणाचे एक आवर्तन) कसा पुढे सरकतो याचा हिशेब. त्यामुळे आमच्या रचनेतही प्रत्येक निवड 'फरकाचे काय होते' याच प्रश्नावर तपासली जाईल.

१४ जानेवारी २०२५ : अरैखिक पायरी आणि पाच ओळी

स्थिती ओळींत मांडायची; प्रत्येक ओळीतील एकेक बिट मिळून एक स्तंभ होतो. स्तंभासाठी केचकमधील, म्हणजे एसएचए-३ ज्यावर आधारले आहे त्या रचनेतील, अरैखिक पायरी (जी केवळ एक्सऑरने लिहिता येत नाही) घेतली. प्रत्येक बिट हा स्वतःचा, तसेच 'शेजारच्या बिटचा नॉट आणि त्यापुढील बिट यांच्या अँड'चा एक्सऑर असतो, आणि शेवटच्या बिटचा शेजारी पुन्हा पहिला बिट धरला जातो. (नॉट बिट उलटा करतो, अँड दोन्ही बिट १ असतील तरच १ देतो, एक्सऑर दोन बिट वेगळे असतील तरच १ देतो.) तिला तक्ता लागत नाही, म्हणून गुप्त माहितीनुसार प्रोसेसरच्या कॅश स्मृतीतून वाचण्याचा वेळ बदलण्याचा धोका येत नाही, आणि एका वर्डमधील, म्हणजे प्रोसेसर एकदम हाताळतो त्या बिटगटातील, सर्व बिटांवर ती एकाच वेळी चालते.

ओळी चार ठेवल्या असत्या तर ६४ बिटांच्या आठ वर्डांची नेटकी मांडणी मिळाली असती, आणि बैठकीत तशी सूचनाही आली. ती का चालत नाही हे कागदावर दोन मिनिटांत दिसते. चार बिटांचा स्तंभ ०१०१ घ्या. पहिला बिट ० आहे आणि त्याच्या शेजारी १ असल्यामुळे नॉट घेतल्यावर ० मिळतो, उत्तर ०. दुसरा बिट १, त्याचा शेजारी ०, त्यापुढचा १. अँडचे उत्तर १, आणि १ एक्सऑर १ म्हणजे ०. तिसरा पहिल्यासारखा, चौथा दुसऱ्यासारखा. म्हणजे ०१०१ चे उत्तर ००००, आणि ०००० चे उत्तरही ००००. पायरी उलटता येत नाही, एका स्तंभातच टक्कर झाली. स्तंभातील बिटांची संख्या विषम असेल तेव्हाच ही पायरी उलटता येते, म्हणून ओळी पाच. प्रत्येक ओळ १२८ बिटांची, एकूण स्थिती ६४० बिट. त्यांपैकी २५६ राखीव आणि ३८४ बिट, म्हणजे ४८ बाइट, दर वेळी शोषण्यासाठी.

२१ जानेवारी २०२५ : रैखिक पायरी, आणि नाकारायच्या जोड्या

स्तंभातील मिश्रण झाले. आता बिटांना ओळीत आडवे पसरवायचे. प्रत्येक ओळ स्वतःच्या दोन फिरवलेल्या प्रतींशी एक्सऑर करायची, असे ठरले. फिरवण्याची अंतरे अ आणि ब धरली, तर ही क्रिया म्हणजे 'एक, अ घाताचा क्ष आणि ब घाताचा क्ष' या तीन पदांच्या बहुपदीने, म्हणजे त्रिपदीने, गुणणे होय, जिथे क्ष चा १२८वा घात पुन्हा १ होतो आणि सहगुणक फक्त ० किंवा १ असतात.

ही मांडणी केल्याबरोबर पुष्कळ गोष्टी फुकट कळतात. १२८ हा २ चा घात असल्याने अशी बहुपदी तिच्या पदांची संख्या विषम असेल तरच उलटता येते. दोन पदे ठेवून एक एक्सऑर वाचवण्याचा मोह इथेच संपतो : सर्व बिट १ असलेली ओळ आणि सर्व बिट ० असलेली ओळ दोन्ही शून्यावर जाऊन पडतात. तीन पदे मात्र अ आणि ब वेगळे व शून्येतर असतील तर नेहमीच चालतात. अशा त्रिपदीची व्यस्त (परिणाम उलटवणारी) बहुपदी म्हणजे तिचाच १२७वा घात, अर्थात एकामागून एक वर्ग केलेल्या सात त्रिपदींचा गुणाकार. ती साधारणपणे दाट असते, म्हणून मागच्या दिशेने फरक फार झपाट्याने पसरतो. ही बाजू आपल्याला अनुकूल आहे.

प्रतिकूल बाजू विरळ फरकांची आहे. एका बिटचा फरक आत गेला की तीन बिट बाहेर येतात. त्याबद्दल तक्रार नाही. दोन बिटांचा फरक आत गेला तर सहा पदे तयार होतात, आणि त्यांपैकी जुळणारी पदे जोडीने नाहीशी होतात. एक जोडी नाहीशी झाली तर चार बिट उरतात, ते चालेल. दोन जोड्या एकदम नाहीशा झाल्या तर दोन आत, दोन बाहेर, अशी अत्यंत स्वस्त वाट हल्लेखोराला मिळते. ब हा अ च्या दुप्पट असेल तर नेमके हेच घडते, कारण (१ + क्ष)(१ + क्ष + क्ष²) = १ + क्ष³ : मधली सगळी पदे गळून पडतात. म्हणून (३, ६) सारखी जोडी बाद. (४३, ८५) दिसायला निरुपद्रवी वाटते, परंतु तिची बेरीज १२८ भरते, म्हणजे ८५ ने पुढे फिरवणे हे ४३ ने मागे फिरवण्यासारखेच आहे, आणि गणित पुन्हा त्याच सूत्रावर येते. तीही बाद.

तिसरा बाद प्रकार वेगाच्या दृष्टीने जिवावर येतो. ओळ दोन ६४ बिटी वर्डांत एकामागे एक ठेवली तर ६४ ने फिरवणे म्हणजे फक्त दोन वर्डांची अदलाबदल, म्हणजे एकही सूचना खर्च न होता मिळालेले रोटेशन. पण एकमेकांपासून ६४ अंतरावरील दोन बिटांचा फरक अशा पायरीतून दोनच बिट होऊन बाहेर पडतो. म्हणून अ, ब किंवा त्यांच्यातील अंतर, यांपैकी काहीही ६४ असता कामा नये. उरलेल्या जोड्यांतूनच शोध घ्यायचा.

२४ जानेवारी २०२५ : ओळ वर्डांत कशी ठेवायची

१२८ बिटांची ओळ सलग ठेवली तर तिचे प्रत्येक रोटेशन दोन वर्डांमधून बिट इकडून तिकडे नेते, आणि प्रोसेसरची साधी रोटेट सूचना उपयोगी पडत नाही. त्याऐवजी सम क्रमांकाचे बिट एका वर्डमध्ये आणि विषम क्रमांकाचे दुसऱ्यात ठेवायचे, ही केचकच्या ३२ बिटी आवृत्त्यांतील जुनी युक्ती इथे थेट व्याख्येतच घातली. त्यामुळे संदेश वाचताना बिटांची पुनर्रचना करावी लागत नाही. आता सम अंतराचे रोटेशन म्हणजे दोन्ही वर्ड निम्म्या अंतराने फिरवणे, आणि विषम अंतराचे म्हणजे फिरवून वर्डांची नावे बदलणे.

एक सावधगिरी यातून निघते. सर्व ओळींतील सर्व अंतरे सम निवडली तर सम आणि विषम स्तंभ एकमेकांना कधीच भेटत नाहीत आणि ६४० बिटांच्या एका क्रमपर्यायाऐवजी ३२० बिटांचे दोन स्वतंत्र क्रमपर्याय हाती राहतात. प्रत्येक ओळीत किमान एक अंतर विषम हवे, अशी अट शोधाच्या कार्यक्रमात घातली. गरजेपेक्षा ती कडक आहे, पण तिचा खर्च शून्य आहे.

४ फेब्रुवारी २०२५ : वर्गाची वाट

विश्लेषण सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी आज मांडलेला मुद्दा या प्रकल्पातील आतापर्यंतचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर नोंदवतो.

अरैखिक पायरीत स्तंभातील एकाच बिटमध्ये फरक असेल, तर तो बिट नक्की बदललेला बाहेर येतो आणि आणखी दोन बिट बदलतील की नाही हे त्यांच्या शेजाऱ्यांच्या किमतींवर ठरते. चार शक्यता, प्रत्येकीची संभाव्यता १/४. त्यांपैकी एक अशी की फरक आहे तसाच बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक सक्रिय (फरक असलेल्या) स्तंभामागे २ वजन (वजन जितके, २ च्या तितक्या उणे घाताइतकी संभाव्यता) मोजून हल्लेखोर फरकाला त्याच ओळीत कोंडून ठेवू शकतो. त्या ओळीवर दर फेरीत तीच त्रिपदी लागू होत असेल, तर दोन फेऱ्यांनंतर त्रिपदीचा वर्ग लागतो. सहगुणक फक्त ० आणि १ असताना मिश्र पदे जोडीने रद्द होतात आणि त्रिपदीच्या वर्गाला पुन्हा तीनच पदे राहतात. घन केला की नऊ, पण चौथा घात केला की पुन्हा तीन.

म्हणजे फेऱ्यांमागून फेऱ्या सक्रिय बिटांची संख्या १, ३, ३, ९, ३ अशी जाते. पहिल्या चार फेऱ्यांचे वजन २ + ६ + ६ + १८, म्हणजे फक्त ३२, आणि पाचव्या फेरीची भर अवघी ६. १, ३, ९, २७ अशी वाढ गृहीत धरून केलेला अंदाज ८० सांगतो. विखुरण्याची कोणतीही सांख्यिकीय चाचणी हा फरक दाखवणार नाही, कारण यादृच्छिक संदेशांवर ही वाट क्वचितच घडते. ती मुद्दाम शोधणाऱ्यालाच सापडते.

उपाय दोन होते. पहिला अ‍ॅस्कॉनचा (तशीच पायरी वापरणाऱ्या एका हलक्या कूटप्रणालीचा) : अरैखिक पायरीच्या आधी आणि नंतर काही एक्सऑर घालायचे, जेणेकरून एका बिटचा फरक कधीच एकाच बिटचा राहून बाहेर पडू नये. तिथे पाच वर्डांमागे १५ ऐवजी २२ क्रिया होतात; आमच्या दहा वर्डांना हिशेब दर फेरीत १४ जादा क्रियांचा बसतो. दुसरा उपाय म्हणजे पाच ओळींना पाच वेगळ्या त्रिपदी देऊन प्रत्येक फेरीनंतर ओळी एकेक जागा सरकवायच्या. मग त्याच ओळीत कोंडलेल्या फरकाला पाच फेऱ्यांपर्यंत दर वेळी नवी त्रिपदी भेटते आणि वर्गाची सवलत मिळत नाही. कोड पाच फेऱ्यांपुरता उलगडून लिहिला तर ओळी सरकवणे म्हणजे केवळ चलांची नावे बदलणे. खर्च काहीच नाही.

दुसरा उपाय स्वीकारला. यामुळे फक्त एका ओळीत राहणाऱ्या फरकांच्या साखळ्यांचे कुटुंब महाग झाले आहे. अनेक ओळींतून जाणाऱ्या साखळ्यांचा शोध संगणकाने स्वतंत्रपणे घ्यावा लागेल. शिवाय पाच त्रिपदींपैकी लागोपाठच्या कोणत्याही दोघींच्या गुणाकारात नऊच्या नऊ पदे टिकली पाहिजेत, ही अट शोधात वाढवली.

११ फेब्रुवारी २०२५ : स्थिरांक

स्थिरांक नसतील तर सर्व शून्यांची स्थिती दोन्ही पायऱ्यांतून शून्यच राहते आणि सर्व बिट १ असलेली स्थितीही तशीच राहते. त्याहून व्यापक दोष असा की सर्व पायऱ्या आडव्या दिशेने एकसारख्या असल्याने ठरावीक अंतराने पुनरावृत्त होणारी स्थिती शेवटपर्यंत तशीच पुनरावृत्त राहते. प्रत्येक फेरीत एका वर्डमध्ये एक लहान, वेगळा स्थिरांक मिसळला की दोन्ही प्रश्न सुटतात, आणि सर्व फेऱ्या एकसारख्या असल्यामुळे उद्भवणारे सरकत्या जुळणीचे हल्लेही टळतात.

स्थिरांक कुठून आले हे वाचणाऱ्याला पडताळता आले पाहिजे. एसएचए-२५६ मध्ये ते पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांच्या अपूर्णांकी भागांतून घेतले आहेत, केचकमध्ये एका लहान शिफ्ट रजिस्टरमधून (बिट सरकवत ठरावीक क्रम निर्माण करणाऱ्या रचनेतून). आम्ही आठ बिटांचे शिफ्ट रजिस्टर घेतले. मोठ्या, भारदस्त दिसणाऱ्या आकड्यांची इथे गरज नाही.

१८ फेब्रुवारी २०२५ : फेऱ्या किती

एका बिटचा परिणाम एका फेरीत जास्तीत जास्त नऊ बिटांवर आणि दोन फेऱ्यांत ८१ बिटांवर पोहोचू शकतो, म्हणजे ६४० बिटांचे पूर्ण विखुरणे तिसऱ्या फेरीआधी अशक्यच आहे. बीजगणिती बाजूने पाहता अरैखिक पायरी द्विघाती आहे, म्हणून नऊ फेऱ्यांनंतरही उत्तराच्या बिटांच्या सूत्राचा घात ५१२ च्या वर जात नाही. कमाल ६३९ पर्यंत पोहोचण्याची शक्यता दहाव्या फेरीत प्रथम निर्माण होते. दहापेक्षा कमी फेऱ्या म्हणूनच विचारात घेतल्या नाहीत.

ओळी पाच फेऱ्यांनी मूळ जागी येतात, तेव्हा संख्या पाचच्या पटीत असणे कोडसाठी सोयीचे. दहा की पंधरा, यावर चर्चा लांबली. वेगाचा आग्रह धरणाऱ्यांनी ब्लेक३ या हॅश फलनाचे उदाहरण दिले, जिथे आधीच्या ब्लेक२एस च्या दहा फेऱ्या सातवर आणल्या गेल्या. पण ती कपात ब्लेकवर अनेक वर्षे झालेल्या बाह्य विश्लेषणाच्या आधारावर झाली; आमच्या क्रमपर्यायाकडे प्रकल्पाबाहेरच्या कोणीही अजून पाहिलेले नाही. पंधरा ठरल्या.

२६ फेब्रुवारी २०२५ : क्रियांचा हिशेब

मोजमाप यंत्रानुसार बदलते, म्हणून आधी नुसत्या क्रिया मोजल्या. अरैखिक पायरीत दहा वर्डांमागे प्रत्येकी नॉट, अँड आणि एक्सऑर, एकूण ३०, रैखिक पायरीत प्रत्येक वर्डला दोन रोटेशन आणि दोन एक्सऑर, एकूण ४०, स्थिरांकाचा १. फेरीला ७१, पंधरा फेऱ्यांना १०६५, आणि ४८ बाइटांवर वाटले तर बाइटमागे सुमारे २२.२ क्रिया.

केचकच्या २४ फेऱ्यांचा हिशेब त्याच पद्धतीने केला तर फेरीला १५५, एकूण ३७२० क्रिया होतात. एसएचए३-२५६ दर वेळी १३६ बाइट शोषते, म्हणजे बाइटमागे २७.४. हा आकडा अहवालात घालून आपण वेगवान असल्याचे सांगणे सोपे होते, परंतु ती तुलना न्याय्य नाही, कारण तिथे राखीव भाग ५१२ बिटांचा आहे. आमच्याइतकाच २५६ बिटांचा राखीव भाग असलेले शेक१२८ हे केचकवरच आधारलेले फलन दर वेळी १६८ बाइट शोषते आणि बाइटमागे २२.१ क्रिया घेते. मोठ्या फायलींवर आमच्या रचनेला काहीही आघाडी नाही.

आघाडी आहे ती दोन ठिकाणी. स्थिती २०० ऐवजी ८० बाइटांची असल्याने लहान मायक्रोकंट्रोलरवर ती सुखाने मावते. आणि ४७ बाइटांपर्यंतच्या संदेशाला एकच क्रमपर्याय, म्हणजे ३७२० ऐवजी १०६५ क्रिया पुरतात. हॅशवृक्षातील (हॅशांचे पुन्हा हॅश काढत बनवलेल्या झाडासारख्या रचनेतील) नोंदी, लहान ओळखचिन्हे आणि संवेदकांचे संदेश बहुतांशी याच आकाराच्या आसपास असतात. दस्तऐवजातील उपयोगाचे क्षेत्र त्यानुसार लहान संदेशांपुरते लिहिले. 'सर्वसाधारण वापरासाठी' हे शब्द काढून टाकले.

६ मार्च २०२५ : शेवटचा गट आणि प्रत्यक्ष कोड

संदेशानंतर प्रथम वापराचा प्रकार दर्शवणारे दोन बिट, मग १, मग हवी तितकी शून्ये आणि गटाच्या अखेरीस पुन्हा १, असा शेवटचा गट पूर्ण करणारा भरणा ठरला. प्रकाराचे बिट असल्यामुळे साधा हॅश आणि वृक्षातील आतील गाठीचा हॅश एकाच आतल्या संदेशातून कधीच निघत नाही. संदेश नेमका ४८ बाइटांचा असेल तर भरण्यासाठी आणखी एक गट लागतो. ही सीमा कोडमध्ये हमखास चुकते, म्हणून ४७, ४८ आणि ४९ बाइटांची चाचणी-उदाहरणे सर्वांत आधी लिहून घेतली.

संदेश तुकड्यातुकड्याने देण्याची सोय हा खरा धोक्याचा भाग आहे. केचकच्या अधिकृत कोडमध्येच २०२२ साली अशा प्रकारचा दोष उघड झाला : आधी थोडा मजकूर दिलेला असताना पुढचा तुकडा ४ गिगाबाइटच्या किंचित आत असेल, तर लांबीची बेरीज ३२ बिटांत मावत नसे आणि राखून ठेवलेल्या जागेच्या (बफरच्या) बाहेर लिहिले जाई. पायथन आणि पीएचपीमध्येही तो कोड गेलेला होता. गणित निर्दोष असून फलन असुरक्षित होण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्या कोडमध्ये लांब्यांची बेरीज न करता 'गटात उरलेली जागा' आणि 'उरलेला तुकडा' यांची तुलना केली आहे, आणि अवाढव्य तुकड्यांची चाचणी रोजच्या चाचण्यांत घातली आहे.

१३ मार्च २०२५ : सांख्यिकीय चाचण्या

एक बिट बदलल्यावर उत्तरातील सरासरी १२८ बिट बदलावेत आणि प्रमाण विचलन ८ असावे, या अपेक्षेशी निकाल जुळतात. एमडी५ सुद्धा ही कसोटी पार करते, त्यामुळे अहवालात याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा दिलेली नाही. टंकलेखनातील चुका पकडण्यासाठी मात्र या चाचण्या उत्तम आहेत.

२० मार्च २०२५ : आराखडा गोठवला

अंतरांच्या पाच जोड्या, स्थिरांक, फेऱ्या आणि भरणा यांत यापुढे बदल नाही. तपासणीसाठी बाहेर पाठवायच्या संचात पूर्ण फलनाबरोबर दोन, तीन, चार आणि पाच फेऱ्यांच्या आवृत्त्या जोडल्या आहेत, कारण पूर्ण फलनावर कोणी वेळ घालवण्यापूर्वी लहान आवृत्त्या मोडूनच रचनेचा अंदाज घेतला जातो. अंतरे शोधणारा कार्यक्रम, त्यातील सर्व अटी आणि नाकारलेल्या जोड्यांची कारणे हेही सोबत आहे. अनेक ओळींतून जाणाऱ्या साखळ्यांचा शोध तीन फेऱ्यांपर्यंत चालू आहे. तो पूर्ण होऊन किमान वजनाची हमी हाती येईपर्यंत दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर 'प्रायोगिक, प्रत्यक्ष वापरासाठी नाही' अशी ओळ राहील.